पावणाईचा कौल

चाकण
१२ ऑगस्ट

आप्पा, पायांवर डोकं ठेवतो.

पत्र लांबलं, राग मानू नका. लिहिण्यासारखं काही चांगलं घडेल म्हणून थांबलो होतो, ते घडलं नाही. कंपनीतली आमची लाइन जूनपासून बंद आहे. मैना गाडीला गिऱ्हाईक नाही आणि कंपनीकडे पगाराला पैसे नाहीत. शेडमध्ये अर्धवट गाड्या तशाच उभ्या आहेत. सतरा वर्षं मी त्यांना दारं बसवली. दार लावलं की एक भरीव आवाज यायला हवा, तो आला की गाडी पुढे सोडायची, एवढंच माझं काम. आता तिथे कबुतरांनी घरटी केलीत.

कंपनीनं सरकारकडे मदत मागितली आहे. मोठं कर्ज हवंय, सरकारच्या हमीवर. युनियनही पाठीशी आहे, म्हणून आम्ही गेटवर पाळीपाळीनं उपोषणाला बसतो. पण कंपनीनं एक नोटीसही लावली आहे. ज्याला स्वतःहून निघायचं त्यानं तीस सप्टेंबरपर्यंत फॉर्म भरायचा, त्याला ठरलेली रक्कम मिळेल. जो राहील त्याचं नशीब. सरकारनं हात दिला तर नोकरी शाबूत, नाही दिला तर हातात काहीच नाही.

काय करावं ते कळवा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही हे एका अर्थी बरंच आहे, आवाजावरून माझं सगळं कळलं असतं. आणि हो, गणपतीला येता येत नाही. त्याच दिवसांत माझी गेटवरची पाळी आहे.

नम्रता आणि मनस्वी बऱ्या आहेत. मनस्वी बारावीला, दिवसभर पुस्तकात.

तुमचा
प्रमोद


आंबेकोंड, ता. राजापूर
२० ऑगस्ट

प्रमोद, आशीर्वाद तर आहेतच.

पत्र काल मिळालं. ऋतिका म्हणून नवी पोस्टमन पोरगी आहे, स्कूटीवरून येते. तिनं माझ्या वहीत लिहिलं, 'आजोबा, चाकणचं.' वही आता दारालाच सुतळीनं बांधून ठेवली आहे. येणारा जाणारा त्यात लिहितो, मी वाचतो आणि तोंडानं उत्तर देतो. लोक म्हणतात मी ओरडतो. गिरणीतल्या साच्यांच्या खडखडाटानं कान नेले, आवाज तेवढा ठेवला.

गणपतीला येत नाहीस हे एका ओळीत उरकलंस. बरं. मूर्ती मी आणि भागोजी गुरव रिक्षातून आणू. आरतीत कोण काय म्हणतंय ते मला कळत नाहीच, मी आपला टाळ वाजवत राहतो आणि आरती संपल्यावरही वाजवतो म्हणून पोरं हसतात.

आता तुझ्या सरकारचं. मला पटत नाही. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा रे? वाडीच्या पऱ्यावर आम्ही अकरा वर्षं साकव मागतोय. पावसाचे चार महिने पऱ्याला पाणी, पूल नाही म्हणून पोरं कातळावरून फेर घालून शाळेत जातात. विचारलं की साहेब म्हणतो, निधी नाही. आणि चाकणच्या मालकाची गाडी खपत नाही तर निधी आहे. गाडी खपत नाही हा काय आमच्या मालन म्हातारीचा दोष? ती काडेपेटी घेते त्यावरच्या कराचा पैसा तिकडे जाणार. आपल्या गावात तुझी मैना एकच आहे, सरपंचाची, ती पण देवळाचा चढ चढत नाही. माणसं उतरून ढकलतात.

गिरणीचं तुला ठाऊक आहे, पण पुरतं नाही. मालकानं हात वर केले तेव्हा सरकारनं गिरणी घेतली. आम्ही पेढे वाटले. पंधरा वर्षं पैसा येत राहिला. साचे तेच जुने, साहेब तेवढे नवे. मग एक दिवस भोंगा वाजला नाही. तेव्हाही पुढारी म्हणाले, थांबा, सरकार पुन्हा पैसे देतंय. मी अडीच वर्षं थांबलो. त्यात तुझी आई गेली. तार मला दोन दिवस उशिरा मिळाली, कारण मी खोलीवर नव्हतो, गिरणीच्या गेटवर बसलो होतो. कमलला अग्नी तू दिलास, सोळा वर्षांचा होतास. मी आलो तेव्हा राखसुद्धा भरून झाली होती.

म्हणून सांगतो, दुसऱ्याच्या दारात वाट बघत बसू नकोस. फॉर्म भर आणि घरी ये.

आप्पा


चाकण
२ सप्टेंबर

आप्पा,

पत्र गेटवरच वाचलं. आईचं वाचल्यावर दोन दिवस काही लिहवेना. तुम्ही हे कधी बोलला नव्हता. मी इतकी वर्षं समजत होतो की तुम्हाला रजा मिळाली नसेल.

पण आप्पा, गिरणी वेगळी आणि आमची कंपनी वेगळी. इथे आम्ही सव्वीसशे माणसं. आमच्या मागे काचा करणारे, नटबोल्ट करणारे, सीटची कव्हरं शिवणाऱ्या बायका, ते धरले तर दहा हजार होतात. सोनूबाई म्हणून आपल्या लांज्याकडची खानावळवाली आहे, तिचे साठ डबे होते, आता नऊ राहिले. ती काय मालक आहे? कंपनी बुडाली तर ही सगळी माणसं सरकारच्याच दारात जाणार ना? मग आत्ताच हात दिला तर काय बिघडलं. आणि फुकट मागत नाही कोणी, फेडायच्या बोलीवर मागतोय. साकव व्हायलाच हवा. पण साकवाचे पैसे आम्ही खाल्ले असं मनात आणू नका. मला ते फार लागलं.

एक मात्र कबूल करतो, मला काही सुचत नाही. नम्रता म्हणते, फॉर्म भरा, मिळतंय ते घ्या. अनिल म्हणतो, मरेपर्यंत थांबायचं. आपल्या वरच्या वाडीचा अनिल, माझ्या शेजारी काचा बसवतो तो. दोघांचंही पटतं. रोज सकाळी एक ठरवतो आणि संध्याकाळी दुसरं.

तुम्ही हसाल. तुम्ही गावचे मानकरी, पावणाईला कौल लावा. मी फारसा मानत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. पण मला शिकायला रत्नागिरीला ठेवायचं की नाही, ते आईनं कौल लावूनच ठरवलं होतं, आणि तिचं चुकलं नाही. भागोजीकाकांना सांगा, देवीच्या दोन्ही खांद्यांना पाकळ्या लावा आणि विचारा, प्रमोदनं कंपनीत राहावं का. उजवी पडली तर राहतो. डावी पडली तर फॉर्म भरतो. जो पडेल तो मानीन, तुमच्या गळ्याची आण.

तीस तारखेच्या आत कळवा.

प्रमोद


आंबेकोंड
१३ सप्टेंबर

प्रमोद,

कौल मंगळवारी लावला. मी आणि भागोजी दोघंच होतो. देवीला आंघोळ घातली, भागोजीनं गाऱ्हाणं घातलं, तुझं नाव सांगितलं. डावी पाकळी पडली. फॉर्म भर.

पडवीतली खोली रिकामी केली आहे. भाताची पोती माळ्यावर टाकली. मनस्वीला अभ्यासाला खिडकीकडची जागा आहे. गोठ्यात आता गुरं नाहीत, तिथे तू गॅरेज टाक. रस्त्याला लागून आहे आणि राजापूरपर्यंत मधे एक गॅरेज नाही. सतरा वर्षं मोटारी केल्यास, लोक रांग लावतील.

आज जास्त लिहीत नाही. हात दुखतो.

आप्पा


चाकण
२८ सप्टेंबर

आप्पा,

तुमचं पत्र बावीसला मिळालं. सहा दिवस खिशात ठेवलं आणि आज फॉर्म भरून आलो.

खिडकीतल्या बाईनं ओळखपत्र घेतलं, लॉकरची किल्ली घेतली, सेफ्टी बूट घेतले. बूट माझ्याच मापाचे झिजलेले, दुसऱ्या कोणाच्या काय कामाचे, पण यादीत होते. मी चपला न्यायला विसरलो होतो. गेटपर्यंत मोज्यांवर आलो. वॉचमननं त्याच्या रबरी चपला दिल्या.

निघताना एकदा शेडमध्ये जाऊ द्या म्हटलं. माझ्या जागेवर एक पांढरी मैना उभी होती, उजवीकडचं मागचं दार नसलेली. दार बाजूला स्टँडवर होतं. जूनमध्ये भोंगा झाला तेव्हा माझ्या हातात होतं तेच. बसवून टाकावंसं वाटलं, पण हत्यारं कुलपात होती.

अनिल बोलत नाही माझ्याशी. तू पळालास म्हणतो. मी त्याला कौलाचं सांगितलं, तरी चेहरा तसाच.

मला वाटतं बरं झालं. एकदाचं ठरलं. देवीनं सांगितलं म्हटल्यावर मला रात्रीची झोप तरी लागते. गावचं दिवाळीनंतर बघू.

प्रमोद


आंबेकोंड
८ ऑक्टोबर

प्रमोद,

बरं केलंस.

गोठ्याच्या जागेवर खुंट्या मारून दोरी बांधली. बारा फूट बाय वीस. दोन गाड्या उभ्या राहतील. सरपंचाला सांगितलं आहे, त्याची मैना पहिली तुझ्याकडे. तो म्हणाला (वहीत लिहिलं), चढ चढायला लावलास तर सत्कार करू. नम्रताला वाल आवडतात म्हणून मी वालाला जागा राखून ठेवली आहे. तू लहान असताना मी मुंबईहून पत्र लिहायचो आणि कमल उत्तरात अशीच यादी पाठवायची, काय लावलं, काय उगवलं. मला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा. आता मीच तसं लिहितोय.

कधी निघताय ते कळव. भागोजीच्या पुतण्याचा टेंपो सामानाला मिळेल.

आप्पा


चाकण
२४ नोव्हेंबर

आप्पा,

दिवाळीला आलो नाही आणि पत्रही नाही, दोन्हीची माफी मागतो.

तुम्हाला कळलं असेलच, सरकारनं कंपनीला पैसे दिले. हमी दिली, आणि वर सरकारी खात्यांसाठी गाड्यांची ऑर्डरसुद्धा. गेटवर ढोल आणले होते. अनिल नाचत होता. जे राहिले त्या सगळ्यांना कामावर घेतलं, मागचा अर्धा पगार पण दिला. फॉर्म भरलेल्यांचं काही नाही, ते आपल्या मर्जीनं गेले असं कागदावर आहे. आणि खरंच आहे ते. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून बघत होतो. मला आनंद झाला, आप्पा. खोटं नाही सांगत. सोनूबाई रडत होती, तिचे डबे पुन्हा चाळीसवर गेलेत. मी म्हणत होतो तेच झालं, सरकारनं हात दिला आणि माणसं उभी राहिली.

पावणाईला मी दोष देत नाही. तिला बिचारीला मोटारींच्या धंद्यातलं काय कळणार. मी विचारायला नको होतं.

गॅरेजचं मात्र मनातून काढून टाका. तुम्ही एवढ्या हौसेनं दोरी बांधलीत, म्हणून मला इतके दिवस लिहवलं नाही. आप्पा, मला मोटार दुरुस्त करता येत नाही. मी फक्त दारं बसवतो. माझ्या आधीचा माणूस वायरी ओढतो, माझ्यानंतर अनिल काचा लावतो. इंजिन कुठल्या बाजूनं उघडतात तेही मी कधी पाहिलं नाही. सरपंचाची मैना माझ्याच्यानं चढ चढणार नाही.

काळजी करू नका, कामाला लागलो आहे. कंपनीतच, त्याच लाइनीवर, दारंच. मनस्वीची परीक्षा फेब्रुवारीत आहे, त्यामुळे आता इथून हलता येणार नाही.

प्रमोद


आंबेकोंड
५ डिसेंबर

प्रमोद,

परत घेतलं तुला. हे आधी लिहायचं की नाही, मूर्खा? ते शेवटी कोपऱ्यात लिहिलंस आणि आधी दोन पानं मला रडवलंस. पत्र वाचून मी देवळात गेलो, नारळ ठेवला, भागोजीला मिठी मारली. तो म्हणाला असेल याला काय झालं. छातीवरचा धोंडा उतरला माझ्या. तुला नाही कळायचं.

दारंच बसवतोस तर दारंच बसव. मला वाटलं होतं मोटारीचा माणूस म्हणजे मोटारीचं सगळं येत असेल. मी साच्यावर कापड विणलं, मला तरी कुठे सदरा शिवता येतो. चूक माझीच.

सरकारच्या बाबतीत तू जिंकलास असं समज. साकव अजून नाही, पण ते जाऊ दे.

शिमग्याला ये. पालखी दारात येते तेव्हा घर उघडं असलं तरी रिकामं वाटतं.

आप्पा


आंबेकोंड
१४ मार्च

प्रमोद,

शिमग्याला तू आला नाहीस, अनिल आला. तो तुझं काही बोलणार नव्हता. मीच त्याला म्हटलं, कंपनीनं प्रमोदला मोठ्या मनानं परत घेतलं, दोघं पुन्हा शेजारी आलात. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग वही ओढली आणि लिहिलं. ते पान मी फाडून ठेवलं आहे.

'काका, त्याला परत नाही घेतलं. तो ठेकेदाराकडे आहे. आमचे शर्ट राखाडी, त्यांचे निळे. पगार आमच्या अर्ध्याहून कमी. कंपनीच्या बसमध्ये त्यांना बसू देत नाहीत, चालत येतो. नवीन पोरांना दार बसवायला तोच शिकवतो. कधीही काढतील.'

खाली रेघ मारून आणखी एक लिहिलं होतं, 'तुम्ही कौलाचं सांगितलं नसतं तर तो राहिला असता.'

प्रमोद, आता मी लिहितो ते नीट वाच. कौल उजवा पडला होता.

एकदा नाही, दोनदा. पहिली उजवी पडली ती मला आवडली नाही. मी भागोजीला म्हटलं, वारा होता, पुन्हा लाव. तो कधी पुन्हा लावत नाही, पण माझ्यासाठी लावला. पुन्हा उजवीच पडली. बाहेर आल्यावर त्यानं वहीत लिहिलं, 'पोराला आज कळव, खूश होईल.' मी घरी येऊन तुला डावी लिहिलं. हात दुखत नव्हता.

मी स्वतःला सांगत होतो की पोराचं माझ्यासारखं होऊ नये म्हणून हे करतो. गेटवर बसून बायको गमावलेला माणूस आहे मी, मला हक्क आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. पण त्याच्या आत दुसरं होतं. मला तू घरात हवा होतास. इथे दिवसचे दिवस त्या वहीत कोणी काही लिहीत नाही. शेवटच्या ओळीखाली तारीख घालतो आणि बघत बसतो, पुढची कधी पडते. पावसाळ्यात एकदा बावीस दिवस पान तसंच राहिलं. तुझी नोकरी बुडावी असं मी कधी म्हटलं नाही, पण ती बुडणारच आहे असं मी धरून चाललो, कारण ती बुडाली तर तू येणार होतास. देवीच्या नावावर मी माझं काम करून घेतलं.

पालखी आपल्या अंगणात आली तेव्हा घरातल्या पुरुषानं खांदा द्यायचा असतो. मी दिला नाही. गुडघा दुखतो म्हणालो. भागोजी बघत होता. त्याला सगळं ठाऊक आहे, अनिलनं त्यालाही सांगितलं असणार. तरी त्यानं नारळ घेऊन गाऱ्हाणं घातलं. मला ऐकू येत नाही, पण त्याचे ओठ मला पाठ आहेत. माझं नाव घेऊन म्हणत होता, राजारामाचं लेकरू परमुलखात आहे, त्याला सांभाळ, त्याच्या हाताला यश दे. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. माझं तोंड उघडलं नाही.

सरकारनं तुमच्या मालकाला पैसे दिले ते बरोबर की चूक यावर मी तुझ्याशी पानंच्या पानं भांडलो. ते पैसे आले, अनिलच्या घरी पोचले, सोनूबाईच्या चुलीपर्यंत पोचले. तुझ्या घरी पोचायचे होते ते मी अडवले. मला आता त्यावर बोलायचा अधिकार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. काय करायचं ते तू ठरव.

आप्पा


चाकण
२२ मार्च

आप्पा,

तुम्ही उगाच जिवाला लावून घेतलंत. आता खरं काय ते सांगतो, म्हणजे तुमचं मन हलकं होईल.

फॉर्म मी तुमचं पत्र यायच्या आधीच भरला होता. सोळा सप्टेंबरला. नम्रता मागे लागली होती, मनस्वीच्या कॉलेजचं होतं, मला धीर धरवला नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. कौल विचारला तो आपला तुमचं मन राखायला, तुमचं न ऐकता काही केलं असं वाटू नये म्हणून. त्यामुळे उजवा पडला असता आणि तुम्ही उजवा लिहिला असता, तरी काही फरक नव्हता. तुमची चूक नाही यात. भागोजीकाकांना पण सांगा.

अनिलनं लिहिलं ते बरोबर आहे, फक्त त्यानं ते जास्त रंगवलं. निळा शर्ट वाईट नाही. चालायला पाऊण तास लागतो, पोट कमी झालं. काम तेच, दार लावतो, आवाज ऐकतो, गाडी सोडतो. सोडताना कागदावर सही करावी लागते ती ठेकेदाराच्या माणसाची चालत नाही, म्हणून माझ्या गाडीवर अनिल सही करतो. सही करताना तो माझ्याकडे बघत नाही. मीच त्याला परवा म्हटलं, अरे बघ की, मी मेलो नाही अजून. मग दोघं हसलो आणि नंतर तो बाथरूमला गेला तो बराच वेळ आला नाही.

ती उजवीकडचं मागचं दार नसलेली पांढरी मैना आठवते? मी पुन्हा लागलो त्या दिवशी ती अजून तिथेच होती. ते दार मीच बसवलं.

पुढच्या वर्षी पालखीला खांदा द्या. माझ्यासाठी द्या.

तुमचा
प्रमोद


आंबेकोंड
१ एप्रिल

प्रमोद,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. भागोजीलाही दाखवलं.

तुझी सगळी पत्रं मी कमलच्या ट्रंकेत तारखेनं लावून ठेवतो. गिरणीतली सवय, कापडाचे गठ्ठे असेच लावायचो. अठ्ठावीस सप्टेंबरचं काढलं. त्यात तुझ्या हातानं लिहिलं आहे, 'तुमचं पत्र बावीसला मिळालं. सहा दिवस खिशात ठेवलं आणि आज फॉर्म भरून आलो.' बूट परत केले ते लिहिलंस, मोज्यांवर गेटपर्यंत आलास ते लिहिलंस. आणि देवीनं सांगितलं म्हणून झोप लागते असंही लिहिलंस.

कान गेले माझे, डोळे शाबूत आहेत.

तुला खोटं बोलता येत नाही, लहानपणीही यायचं नाही. माझ्यासाठी शिकलास. दोन्ही पत्रं मी एकात एक घालून ठेवली आहेत. भागोजीनं ती वाचली आणि माझा हात धरून बसला. दोन म्हातारे पडवीत बसून रडत होते, ऋतिका टपाल घेऊन आली ती तशीच परत गेली.

तू म्हणतोस तर पुढच्या शिमग्याला खांदा देईन. तोवर असलो तर.

आंबा यंदा कमी आहे, पण तुझ्या झाडाला बरा लागला. तीन पेट्या एसटीनं पाठवतो. एक तुम्हाला. एक अनिलची. एक सोनूबाईला दे.

ये असं मी आता लिहीत नाही. एकदा लिहिलं त्याचं काय झालं ते बघितलं. पडवीतली खोली सकाळी झाडून घेतो, खिडकी उघडतो, संध्याकाळी लावतो. ते आपलं सवयीनं. तू मनावर घेऊ नकोस.

आप्पा